गाळीदुर्गची उतरण

७ नोव्हेंबर १९५९, शनिवार

पोचले एकदाची बंगळूरला! सातारारोडला गाडीत बसल्यापासून डोळ्यांत कोळशाचे कण जात होते. स्टेशनवर घरमालक हयवदनराव स्वतः न्यायला आले होते. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, काखेत छत्री. बोलणं असं की मला हसू आवरेना. मराठीच, पण आमच्याकडची नव्हे. ट्रंक उचलून म्हणाले, “सामान स्वल्पच की!” स्वल्प म्हणजे थोडं. यांचे पूर्वज शहाजीराजांच्या फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच होऊन गेले. तीनशे वर्षं घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कानडी.

घर चामराजपेटेत आहे. कौलारू, पुढे बसायला दगडी कट्टा, मागे दोन नारळ. मला रस्त्याकडची खोली दिली आहे, वेगळ्या दाराची. हयवदनराव सर्वे खात्यात नकाशे काढायचे, आता निवृत्त आहेत. त्यांना अण्णा म्हणायचं आणि वसुमतीबाईंना अक्का, असं पहिल्या पाच मिनिटांत ठरून गेलं. अक्कांनी पितळी पेल्यात कॉफी दिली आणि मी ती संपवेपर्यंत समोर उभ्या राहिल्या. मामींच्या घरी चौदा वर्षं राहिले, पण मी काय खाते हे बघायला कुणी उभं राहिलं नव्हतं.

हॉलमध्ये एका मुलीचा फोटो आहे, शेजारी सायकल. यांची मुलगी, कमला. कुठे असते, म्हणून विचारलं. अक्का म्हणाल्या, “येते आहे.” सुट्टीवर येत असेल. बरं झालं, सोबत होईल.

९ नोव्हेंबर, सोमवार

शाळेचा पहिला दिवस. मुख्याध्यापिका विमलाबाई कडक आहेत, पण प्रेमळ वाटल्या. माझ्या आधीची ड्रिलची बाई ऑगस्टमध्ये अचानक निघून गेली म्हणे. टेबलाच्या खणात तिची शिट्टी तशीच पडली होती. उकळत्या पाण्यात घालून घेतली आणि गळ्यात अडकवली. मुली चुणचुणीत आहेत. माझी मराठी-हिंदी-इंग्रजीची खिचडी ऐकून हसतात, पण शिट्टीला हलतात.

संध्याकाळी अण्णांनी मागच्या पडवीतून फोटोतली सायकल बाहेर काढली. लेडीज, काळी, मागच्या चाकाला साडी अडकू नये म्हणून विणलेली जाळी. दर शनिवारी ते तिला तेल घालतात. वापरात राहिली तर बरी, म्हणाले. मला आणखी काय हवं! अजिंक्यताऱ्याच्या वाटेवर सायकल चालवणारी साताऱ्यातली मी पहिली मुलगी. मामींच्या मते शेवटचीही.

१२ नोव्हेंबर, गुरुवार

चिकपेटेत जाऊन कॅनव्हासचे बूट आणि दोन सलवारींचं जाड कापड घेतलं. घरी आले तर अण्णांनी जेवणाच्या खोलीत जमिनीवर नकाशा पसरला होता, त्यांनी स्वतः काढलेला. गाळीदुर्ग. इथून रेल्वेनं दीड तासावर. उत्तरेकडून बैलगाडीचा रस्ता वर जातो आणि दक्षिणेकडून एक जुनी घोडवाट खाली येते. मराठ्यांची शिबंदी गडावर होती तेव्हा घोडी नेण्या-आणण्यासाठी बांधलेली. नकाशात अण्णांनी वळणांना बारीक आकडे घातले आहेत, एक ते एकोणीस. कमला सायकलवरून ही वाट उतरायची, असं ते म्हणाले. या रविवारी मी जाणार!

१५ नोव्हेंबर, रविवार

मांड्या दुखताहेत, कोपर सोललं आहे आणि इतकी खूश मी कित्येक वर्षांत नव्हते.

पहाटेच्या पॅसेंजरनं, सायकल ब्रेकव्हॅनमध्ये टाकून निघाले. यलहंकाच्या पुढे एका छोट्या स्टेशनावर उतरले. तिथून तीन मैल लाल माती, कापलेली नाचणीची शेतं, चिंचा. मग समोर गाळीदुर्ग, एकच अखंड कातळ, करडा, पावसाच्या पाण्याच्या काळ्या रेघांचा. गाडीरस्त्यानं अर्धं अंतर चालवत आणि अर्धं ढकलत वर गेले. माथ्यावर पडका तट, हिरव्या पाण्याचं टाकं, मारुतीची घुमटी आणि ताक विकणारी एक म्हातारी, गंगव्वा. मी घोडवाटेकडे वळले तशी तिनं माझं हँडलच धरलं आणि भराभर कानडीत काहीतरी सांगू लागली. मला एकच शब्द कळला, ‘गाळी’. मी हसून मान हलवली आणि हँडल सोडवून घेतलं.

आणि ती उतरण! रुंद, बुटक्या पायऱ्या, एकीवरून दुसरीवर चाक टप्पकन उतरतं. घोड्यांचे पाय घसरू नयेत म्हणून दगडांत खाचा आहेत. कडेला गुडघाभर कठडा, पलीकडे सरळ तुटलेला कडा आणि खाली दूरवर तळी चकाकताहेत. ब्रेक इतके तापले की रिमला बोट लावलं तर चटका बसला. मोठमोठ्यानं आकडे म्हणत उतरले. एकोणीस वळणं, अगदी बरोबर. पायथ्याशी पोचल्यावर वेड्यासारखी एकटीच ओरडले.

अण्णांना ‘गाळी’चा अर्थ विचारला. वारा, म्हणाले. वारा होताच. अक्कांनी रात्री केसांना तेल लावून दिलं. त्यांची बोटं डोक्यातून फिरत होती. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते. हे असं असतं, हे मला माहीत नव्हतं.

२२ नोव्हेंबर, रविवार

परत गाळीदुर्ग. आज वीस वळणं भरली. मागच्या वेळी एखादं मोजायचं राहिलं असेल.

मधे कुठेतरी, दहाव्या-अकराव्या वळणावर, कठड्यावर एक मुलगी बसली होती. जांभळी साडी, केसांत अबोलीचा गजरा. गावातली असेल म्हणून मी घंटी वाजवली आणि वेगात पुढे गेले. शेजारून जाताना तिनं काहीतरी विचारलं. तीन वळणं खाली आल्यावर डोक्यात प्रकाश पडला की ती मराठीत बोलली होती. “रिझल्ट लागला का?” असं.

घरी येऊन गंमत म्हणून सांगितलं. अक्का पोळ्या लाटत होत्या. लाटणं थांबलं. मग त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली. साडी कसली? बारीक दिसली का? पायात काय होतं? माझ्याकडे बघत नव्हत्या, पोळीकडे बघत विचारत होत्या. पोळी तव्यावर जळाली. मग अण्णा आत आले आणि म्हणाले, पोरगी दमली आहे, तिला जेवू द्या.

२९ नोव्हेंबर, रविवार

शाळेत क्रीडादिन, म्हणून जाता आलं नाही. अण्णांना हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. इतका, की माझी काही चूक झाली असं वाटलं. पुढच्या रविवारी नक्की, असं मीच बोलून गेले.

६ डिसेंबर, रविवार

नीट लिहून काढते, म्हणजे डोकं शांत होईल.

गंगव्वानं आज मला ताक दिलं नाही. नुसती बघत राहिली. वाटेला लागले. पहिली आठ वळणं ठीक होती. मग मागून फ्रीव्हीलची टिकटिक ऐकू यायला लागली. कुणीतरी पायडल न मारता उतरत असावं तशी. वाट सोडून थांबले, म्हणजे मागच्याला पुढे जाता येईल. टिकटिक थांबली. वर वळणापर्यंत वाट रिकामी. पुन्हा निघाले. पुन्हा टिकटिक. माझ्याच सायकलची असणार. पण माझी टिकटिक मला माहीत आहे, ती जलद आहे. ही सावकाश होती.

एकोणीस वळणं झाली. पायथा आला नाही. वीस, एकवीस, बावीस. खाली तळी तेवढ्याच अंतरावर दिसत होती. मी ब्रेक सोडून दिले. त्याच वेळी पडले. तेविसाव्या वळणानंतर एकदम सपाट जमीन आली.

पायथ्याशी चिंचेखाली अण्णा उभे होते. पासष्ट वर्षांचा माणूस बसनं आणि पायी इतक्या लांब आला होता. सकाळपासून उभे होते. माझं कोपर रक्तानं भरलं होतं, पण ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या मागे, वाटेकडे बघत होते. मी समोर जाऊन उभी राहिले तरी खांद्यावरून पलीकडे बघत होते. मग म्हणाले, “एकटीच आलीस?”

७ डिसेंबर, सोमवार

विमलाबाईंना सहज विचारलं, की गाळी म्हणजे वाराच ना? हो, म्हणाल्या, आणि खेड्यातले लोक भुताच्या बाधेलाही गाळीच म्हणतात.

मग हेही कळलं, की माझ्या आधीची बाई, कल्पना वऱ्हाडकर, याच घरात राहत होती. याच खोलीत. मला कुणी सांगितलं नव्हतं.

९ डिसेंबर, बुधवार

घरी कुणी नसताना पडवीत गेले. गोणपाटाखाली एक ट्रंक. झाकणावर पांढऱ्या रंगात ‘क. वऱ्हाडकर, नागपूर’. आत साड्या, डिप्लोमाचं सर्टिफिकेट, आईवडलांचा फोटो. सर्टिफिकेट टाकून कोण जातं? विमलाबाईंकडून नागपूरचा पत्ता घेतला आणि आजच पत्र टाकलं.

१३ डिसेंबर, रविवार

ताप आहे असं सांगितलं. खोटंच. अक्कांनी दिवसभर काही खाल्लं नाही. दाराशी चिंचेचं सार आणि मऊ भात ठेवून गेल्या. भात चांगला होता. तो खाताना रडू आलं, आणि भीतीही वाटली.

१९ डिसेंबर, शनिवार

नागपूरचं कार्ड आलं. पाचच ओळी. उतरवून ठेवते.

“ट्रंक राहू दे. त्या सायकलवरून ती वाट उतरू नकोस. मी एकदा थांबले. तिनं निकालाचं विचारलं आणि उठव म्हणून हात पुढे केला. मी दिला नाही. तू देऊ नकोस. घर सोड.”

खाली सही नाही.

२० डिसेंबर, रविवार

आज मी कार्ड अक्कांसमोर ठेवलं. त्यांनी ते वाचलं आणि पदरानं पुसून परत दिलं, त्यावर काही सांडल्यासारखं. मग चुलीपुढे बसूनच सगळं सांगितलं.

जून १९५१. कमलाचा बी.एस्सी.चा निकाल दुसऱ्या दिवशी लागायचा होता. जीव रमेना म्हणून दोन मैत्रिणींबरोबर गाळीदुर्गला गेली. मैत्रिणी पायी, ही सायकलवर पुढे. मैत्रिणी मागून उतरत आल्या तेव्हा अकराव्या वळणावर सायकल कठड्याला टेकवलेली होती. कमला नव्हती. पोलिसांनी आणि गावानं अकरा दिवस कडा शोधला. एक चप्पलसुद्धा मिळाली नाही.

पण त्याच दिवशी पायथ्याच्या गावात एक धनगर चालत आला होता. तीस वर्षांपूर्वी त्या वाटेवर हरवलेला. गेला तेव्हा जेवढ्या वयाचा होता, तेवढ्याच वयाचा परत आला. गंगव्वाचा तो थोरला भाऊ. त्यानं बहिणीला ओळखलं नाही, कारण ती म्हातारी झाली होती. त्यानंच सांगितलं, एका पोरीनं हात देऊन उठवलं म्हणून. ती वाट एकाला ठेवून घेते. जो त्याचा हात धरतो तो राहतो, आणि पहिला सुटतो.

मी विचारलं, “तो धनगर आता कुठे आहे?”

“चार महिने जगला.”

“मग कमलाही...”

“चार महिने तर चार महिने,” अक्का म्हणाल्या. “तिची बिछायत मी रोज घालते गं, शालन. नववं वर्ष चालू आहे.”

मला ओरडायचं होतं. मी कुणाचीच कुणी नाही म्हणून मला धाडलंत का, असं विचारायचं होतं. विचारलंही. अक्का म्हणाल्या, “पहिल्यांदा धाडलं तेव्हा तू कुणाचीच नव्हतीस. आता मला सुद्धा जड जातंय.” जड जातंय! मी उठून खोलीत आले, दाराला कडी लावली.

अण्णा पलीकडून एवढंच म्हणाले, की ते स्वतः वाटेवर सात वेळा गेले आहेत. ती त्यांना दिसतच नाही.

२३ डिसेंबर, बुधवार

विमलाबाईंच्या घरी मागची खोली मिळाली. सामान हलवलं. निघताना अक्कांनी डब्यात मेतकूट दिलं. मी घेतलं नाही. मग रस्त्यात टांगा थांबवून परत गेले आणि घेतलं. का, ते मला विचारू नये.

३ जानेवारी १९६०, रविवार

झोपेत आकडे म्हणते, असं विमलाबाई सांगतात. तेवीसच्या पुढचे.

१४ जानेवारी, गुरुवार, संक्रांत

अक्का आल्या होत्या. पानावर तीळ, खोबरं, गूळ, शेंगदाणे, उसाचे दोन करवे. इकडची रीत. बसल्या नाहीत. माझ्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, तेल लाव गं, फार कोरडे झालेत. जाताना दारात थांबून म्हणाल्या, की पोटच्या पोरीसाठी दुसऱ्याची पोर मागायला नको होती. आईनं स्वतः जायला हवं होतं. तिला मी दिसेन, बापाला दिसत नाही म्हणून काय झालं.

त्या काय म्हणाल्या ते त्या गेल्यावर डोक्यात शिरलं. मागे धावले. वळणावर दिसल्या नाहीत.

१७ जानेवारी, रविवार. गाडीत

सकाळी अण्णा आले. पायात चपला नव्हत्या. अक्का पहाटेच्या गाडीनं गेल्या, सायकल घेऊन. त्यांना सायकल चालवता येत नाही. हातात धरून नेली. अण्णांना आता गुडघ्यांमुळे चढवत नाही. माझ्यापुढे हात जोडून उभे राहिले, मागितलं काहीच नाही. मीच वही पिशवीत टाकली आणि त्यांच्याबरोबर निघाले. पुढची गाडी नऊची होती.

विमलाबाई म्हणाल्या, तू काय देणं लागतेस त्या घराचं? मऊ भात, असं काहीतरी सांगायचं होतं.

कमलाचा हात धरायचा नाही. अक्कांना शोधायचं, त्यांना घेऊन परत वर चढायचं, गाडीरस्त्यानं खाली यायचं. एवढंच. कमलाचा हात धरायचा नाही.

दुपारी, माथ्यावर

गंगव्वा सांगते, म्हातारी सूर्य माथ्यावर यायच्या आत वाटेला लागली. परत वर आली नाही. आता मला कानडी थोडं कळतं. तूही जाणार का, असं तिनं विचारलं. मी होय म्हटलं. तिनं ताक दिलं.

अण्णा पायथ्याशी चिंचेखाली आहेत. इथून छत्रीचा काळा ठिपका दिसतो.

पायीच जाते. आकडे मोठ्यानं म्हणायचे. थांबायचं नाही.

नंतर

क्रमानं लिहिते. क्रमानंच.

अकराव्या वळणावर सापडल्या. अक्का कठड्यावर बसलेल्या. मांडीवर त्या मुलीचं डोकं. सायकल शेजारी टेकवलेली. जांभळी साडी. गजरा ताजा. साडेआठ वर्षांपूर्वीचा गजरा, आणि एक फूलही सुकलेलं नाही. अक्का तिचे केस सोडवत होत्या, हळूहळू, बोटांनी.

मी दहा हात लांब उभी राहिले. अक्का म्हणाल्या, “मी धरला गं तिचा हात. झालं. आता मी राहते. हिला तू खाली घेऊन जा, ही मला सोडून हलेना.”

कमलानं माझ्याकडे बघून विचारलं, “रिझल्ट लागला का?” मी म्हटलं, लागला. पास झालीस. ती हसली. दात पांढरे, लहान. साधी मुलगी. वीस वर्षांची. मला तिचीच भीती वाटत होती. तिच्या हातांवरच लक्ष ठेवून होते. तिच्याच —

मी तिला म्हटलं, तू पुढे चाल, मी मागून येते. ती उठली. सायकल धरली. आईकडे बघत उभी राहिली.

आणि अक्का म्हणाल्या, “पायाला मुंग्या आल्यात. उठव स्वल्प, निरोप तरी देते तिला.”

हात पुढे केला.

त्या वेळी त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. कमलाकडे बघत होत्या. मी तो हात कितीदा डोक्यावर घेतला होता. तेलाचा वास येणारा. मी धरला.

गार होता.

त्या उठल्या. किती सहज उठल्या! मला म्हणाल्या, “शालन—” आणि पुढे काही नाही. कमलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघी चालू लागल्या. वळणाआड गेल्या. तेव्हा मला कळलं. कमलाचा हात अक्कांनी धरला, तेव्हा अडकल्या त्या. आणि अक्कांचा हात —

मी धावले. वळण घेतलं. पुढे तोच कठडा. तीच खाच. अकरावं वळण. पुन्हा धावले. अकरावं. वरच्या बाजूला धावले. अकरावं.

नंतर

खाली दिसतात. अगदी स्पष्ट, चिंचेखाली. अण्णा जमिनीवर बसलेत आणि मुलीचे पाय धरलेत. मग छत्री उघडली, तिच्या डोक्यावर धरली. तिघं निघाली. सायकल अण्णांच्या हातात. मी ओरडले. शिट्टी फुंकली. फुंकत राहिले, छाती दुखेपर्यंत.

अण्णा एकदा थांबले, असं वाटलं. अक्कांनी त्यांचं कोपर धरलं. पुढे गेले.

अक्का, तुम्ही राहायला आला होतात. खरंच आला होतात, हे मला माहीत आहे. मी आलेच नसते तर राहिलाही असतात. मी समोर आले आणि —

मी तुम्हाला घरी न्यायला आले होते.

तारीख नाही

ऊन कलतं. पुन्हा वर येतं. भूक नाही. नखं वाढत नाहीत. पेन्सिल अर्धी उरली, ती मात्र झिजते.

कुणाला हाक मारायची नाही, असं ठरवलं आहे. कुणी आलं तर तोंड कातळाकडे. इथेच संपवायचं हे. एकानं तरी —

तारीख नाही

आज धुकं. चाकांचा आवाज. लांबून.

नाही. पुढे गेली. मी बोलले नाही. बोलले नाही!

तारीख नाही

चार महिने होऊन गेले असतील का? कमला असेल का अजून? तिला दूध प्यायला देत असतील. तिच्या समोर उभ्या राहून —

तारीख नाही

कुणीतरी येतंय. वरून. सायकल. एकटीच.

पंचविशीची असेल. खाकी पँट. कॅमेरा गळ्यात. माझ्याकडे पाहिलं. मी तोंड फिरवलं.

थांबली. का थांबलीस? जा.

कानडीत विचारतेय, पडलात का, लागलं का. मी मान हलवली. नाही. जा. मोठ्यानं म्हटलं, जा. तिला वाटलं मी दुखण्यानं ओरडले. सायकल टेकवली. बाटलीतलं पाणी देतेय. घेतलं नाही. लिहीत राहायचं. उजवा हात कामात ठेवायचा, म्हणजे तो जाणार नाही. डावा मांडीखाली दाबून धरलाय.

वाकली आहे. उठा म्हणतेय. चेहरा चांगला आहे हिचा. घरी कुणीतरी वाट बघत असेल. हिला सांग. सांग हिला, हात नको देऊस. मराठी कळत नाही तिला. मला कानडीत ‘नको’चा शब्द आठवत नाही, बेडा, बेडा म्हणतात बहुतेक, बेडा —

ती हसली. माझ्या दंडाला धरतेय. डावा हात मांडीखालून — मी नाही काढला, तो आपोआप — किती ऊबदार आहे हिचा